तुझ्या नावानं दिलेली माफी

माय, मास्तरीणबाई अजून जिवंत आहेत. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली, आणि त्या नव्वदी ओलांडून बुलढाण्याला मुलाच्या बंगल्यात अंथरुणाला खिळल्या आहेत. मागच्या आठवड्यात त्यांच्या सुनेचा फोन आला, "आई तुमची सारखी आठवण काढतात, एकदा येऊन जा." मला लगेच संशय आला. सदतीस वर्षं मी शाळेत शिकवलं. माफी मागायला आलेल्या पोरीचे डोळे माझ्याकडे आहेत की घड्याळाकडे, यावरून माफी कोणत्या जातीची ते मला कळतं. आणि या वयात माणूस कुणाची आठवण काढायला लागलं, की ते वर जायच्या आधी सामान आवरत असतं, असं माझं मत आहे. मी त्या सामानातली एक पिशवी.

तो रविवार तुला आठवतो का, हे मी तुला कधी विचारलं नाही. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील, मी अकरा वर्षांची, कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगातून सुटीला घरी आलेली. आपल्या ख्रिस्ती मंडळीचं ते कौलारू मंदिर, बायकांची सतरंजी उजवीकडे. प्रभुभोजनाला, भाकरीच्या तुकड्यानंतर द्राक्षरस घ्यायला, सगळ्यांना एकच प्याला असायचा आणि तू नेहमी रांगेत सगळ्यात शेवटी. ही तुझी नम्रता, असं पाळकसाहेब म्हणत. मला ते कधी पटलं नाही. बाप्तिस्म्याआधी कोणाचं घर कुठलं, हे मंडळीत कोणी बोलत नसे, पण सगळ्यांना पाठ होतं. मास्तरीणबाईंच्या नवऱ्याच्या, मास्तरांच्या घराला पूर्वीची पाटीलकी होती. आपलं घर गावकुसाबाहेरचं, तू मिशनच्या दवाखान्यात आया. पण त्या दिवशी वॉर्डात एक बाई अडलेली, तुला लवकर परत जायचं होतं, म्हणून तू पहिली उठलीस आणि गुडघे टेकलेस. तुझ्या शेजारी मास्तरीणबाई. तू प्यायल्यावर पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे पांढऱ्या फडक्यानं प्याल्याची कड पुसली आणि प्याला त्यांच्यापुढे धरला. बाईंनी ती कड पुन्हा आपल्या पदरानं पुसली. मग प्याला ओठांपर्यंत नेला, ओठ मिटलेलेच ठेवले, आणि परत दिला. मी पोरांच्या रांगेतून बघते आहे. तू खाली मान घालून आहेस, पण तुझे कान लाल झाले आहेत. म्हणजे तुला कळलं होतं. इतकी वर्षं मी त्या कानांच्या भरवशावर आहे.

पुढचं मला आजही गिळवत नाही. मनात अढी ठेवून कोणी भोजनाला येऊ नये, आधी समेट करावा, ही मंडळीची रीत. मला वाटलं, आता त्या येतील. तीन आठवडे मी दाराकडे बघत होते. चौथ्या शनिवारी तूच धुतलेलं लुगडं नेसलीस, मला घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलीस आणि हात जोडून म्हणालीस, "माह्यं काही चुकलं असन तं माफ करा जी." बाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी मानसुद्धा नीट वर केली नाही. "असू दे गं, केलं माफ." वर माझ्या ओंजळीत मूठभर शेंगा टाकल्या. मी त्या वाटेतल्या नाल्यात फेकल्या, तर तू मला धपाटा घातलास. "अन्नावर काऊन राग काढतं व?"

"त्यांनी तुझा अपमान केला आणि माफी तू मागितलीस!"

"मंग का झालं? माही जीभ झिजली का?"

शाळा उघडल्यावर मी कॉन्व्हेंटमध्ये नम्रतेवर निबंध लिहिला. पहिलं बक्षीस मिळालं आणि ते मी वर्गभर मिरवलं. सिस्टर हसून म्हणाल्या, निबंध पुन्हा एकदा वाच. मला त्यांचाही राग आला.

दिवाळीला परत आले तर मोठा प्याला कपाटात गेला होता. लाकडी ताटात चाळीस छोटे काचेचे पेले आले होते. आरोग्यासाठी, असं जाहीर झालं होतं म्हणे. आरोग्य! देवी आली, पटकी आली, तेव्हा कुणाला आरोग्य सुचलं नव्हतं. आणि पेले धुवायचे कोणी, तर बाईंनीच सुचवलं, तिला दवाखान्यात भांडी उकळायची सवय आहे. तू म्हणालीस, "हो जी." रविवारी दुपारी तू मागच्या पायरीवर बसून एकेक पेला उन्हात धरून बघतेस, त्यावर तोंडाची वाफ टाकतेस, पुसतेस, आणि मी शेजारी बसून धुसफुसते. तेव्हा तू हसलीस. "कायले तणतणतं? पह्यले एका दिवसापुरतं होतं. आता तिच्या ओठाले दर टायमाले माह्या हातचंच लागते ना."

माय, ही क्षमा होती की सूड? मी हे वाक्य आयुष्यभर उलटंपालटं करून पाहिलं. कधी वाटतं, तू संत होतीस. कधी वाटतं, तुझ्यासारखी पाताळयंत्री बाई साऱ्या वऱ्हाडात नव्हती. खरं सांगू, दुसरी मला जास्त आवडते.

परवा गेले. बाई उशीला टेकून होत्या, चेहरा एवढासा. सून चहा ठेवून दारात उभी राहिली. बाईंनी आडवळण घेतलं नाही. "तुझ्या आईच्या मागून मी प्यायले नव्हते. आणि उलट तिनंच माझी माफी मागितली. मी ती दिली. मला आता झोप लागत नाही. तिनं मला माफ केलं होतं का? तुला तरी ठाऊक असेल."

डोळे घड्याळाकडे नव्हते. मी मुद्दाम पाहिलं. शोधूनही त्यात खोट सापडेना, याचाच मला राग आला. सून ऐकत होती, म्हणून मी शाळेतल्या प्रार्थनेच्या आवाजात म्हटलं, "हो, केव्हाच केलं होतं." तुझ्या नावानं माफी देऊन टाकली. खरं की खोटं, मला माहीत नाही. बाईंनी माझं मनगट धरलं. "आणि तू?"

मी म्हटलं, "माझ्या बसची वेळ झाली."

त्यांचा मुलगा गाडीनं सोडतो म्हणाला, तर नको म्हटलं आणि पायी स्टँडवर आले. मोताळ्याकडची बस दीड तासानं होती. त्या बंगल्यापर्यंत परत जायला दहा मिनिटं पुरली असती. मी बाकावर बसून राहिले. त्या तिकडे उत्तराची वाट बघत असतील, हे माझ्या मनात येत होतं, आणि माय, मला बरं वाटत होतं.