करपलेल्या दुधाचा वास

प्रिय ताई,

पास झाले गं! तुझी नकटी आज नाक वर करून घरी आली. परवा सर्दीचं निमित्त काढून तू फोन लगेच ठेवलास, म्हणून सगळं लिहूनच कळवते. तुझ्या सर्दीकडे शेवटी वळेनच.

त्या तापानंतर माझं नाक रजेवर गेलं, आणि डेअरीत माझी नोकरी तर चव बघण्याची! जीभ शाबूत होती, पण ती बिचारी गोड, खारट, आंबट, कडू एवढंच सांगते. बाकी सगळी चव चावताना घशामागून नाकात चढते. नव्या लोकांना मी नाक दाबून दालचिनी-साखर खायला लावायचे. सगळे म्हणायचे, नुसती साखर. नाक सोडलं की डोळे विस्फारायचे. आता माझंच नाक कायमचं दाबलेलं! सूप म्हणजे खारट गरम पाणी. आमच्या विभागाच्या मॅडमनी गोड शब्दांत सांगितलं, वास-चवीची चाचणी पुन्हा द्या, नापास झालात तर पॅकिंगला जावं लागेल.

मग नाकाला पुन्हा शिकवायला लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी अशा तेलांच्या चार बाटल्या सकाळ-संध्याकाळ हुंगायला लागले. कित्येक महिने काही म्हणजे काही नाही. आणि एक दिवस दूध उतू जाऊन करपलं, आणि ते मला पलीकडच्या खोलीत कळलं! मी नाचत होते आणि तुझे मेव्हणे पातेलं कोण घासणार म्हणून ओरडत होते.

आज चाचणी. रंगावरून काही ओळखता येऊ नये म्हणून लाल दिवा लावलेली खोली, दुधाचे तीन पेले, त्यातला एक वेगळा. मी तिसरा उचलला आणि वर सांगितलं, या दुधाची बाटली उन्हात राहिलीय. उन्हानं दूध बिघडलं की ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. मॅडमनी ती मुद्दाम खिडकीत ठेवली होती. हसून म्हणाल्या, पॅकिंगवाल्यांना आता दुसरं माणूस शोधू दे. काय छाती फुगली म्हणून सांगू!

आता तुझी सर्दी. भाचीनं सगळं सांगितलं. मागच्या खोकल्याच्या आजारापासून तुलाही वास येत नाही, पाव करपले तरी कळलं नाही, आणि तू बेकरी विकायला काढलीस. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. तुझं नाक बंद झालं तर तोंडालाही कुलूप? मला रडू आलं, आणि रागही. या पार्सलात माझ्या चारही बाटल्या आहेत. काही कळो न कळो, हुंगत राहा. रविवारी मी येतेय. तुझं नाक परत येईपर्यंत नाक माझं, हात तुझे. भट्टी पेटवून ठेव.

तुझीच,
नकटी