गिलाव्याचा आकडा

४ फेब्रुवारी, सोमवार

शेवटी गिलाव्यावर येऊन घोडं अडलं! शाळेच्या इमारतीचं टेंडर पुढच्या मंगळवारी भरायचंय. विटा, सळया, खिडक्या, सगळ्यांचे दर बसले. दुकानात फोन केला की आकडा मिळतो. सिमेंटच्या पोत्याची कंबर दुखत नाही, ते रुसतही नाही. पण एक गवंडी आणि त्याचा बिगारी मिळून दिवसात किती भिंतीचा गिलावा करतात — हे कुठल्या दुकानात विचारायचं?

साहेब म्हणाले, "पुस्तकातला आकडा नको. जागेवर जाऊन बघा. बंधुराज आहेतच की तुमचे!"

आहेत. तोच तर घोळ. दादा मुकादम, या भागातली गिलाव्याची मोठी टोळी त्याचीच. काम आम्हाला लागलं तर गिलावा त्याला द्यायचं साहेबांनी कबूल केलंय. म्हणजे दिवसाचं काम मी जेवढं धरीन, त्याच हिशोबाने त्याला मजुरी. जास्त धरलं तर फुटामागे मजुरी कमी, दादा मेला; कमी धरलं तर आमचा दर चढला, टेंडर गेलं. इकडे आड तिकडे विहीर — आणि मधे मी, कॅल्क्युलेटर घेऊन!

६ फेब्रुवारी, बुधवार

दादाच्या सध्याच्या कामावर दिवसभर उभी होते. गेल्या गेल्या, "या ठमाबाई!" चाळिशी आली तरी ठमाबाईच.

टोळी नुसती सुटली होती! थापीवर थापी. चहाला कोणी खाली उतरलं नाही. खुद्द दादा परांचीवर — मुकादम असून! संध्याकाळी टेप लावली. एका जोडीचं एकशे तीस चौरस फूट. मी नव्वद धरून चालले होते. दादा मिशीत हसला. "लिही. आणि कमी लिहू नकोस, लोक हसतील."

साहेब खुर्चीतून उठलेच. "टेंडर खिशात!"

मलाही फार बरं वाटलं. भाऊ कोणाचा!

७ फेब्रुवारी

टेप तिथेच विसरले होते म्हणून दुपारी परत गेले. येते म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं.

निम्मी माणसं पाण्याच्या टँकरची वाट बघत बसलेली. दोघं परांची सोडून पुढच्या खोलीत नेत होते. माल कालवायचाच होता अजून. आळस नव्हता तो. काम असंच असतं — सोडा, बांधा, थांबा, मग थापा. काल मात्र परांची आधीच बांधलेली, पिंपं भरलेली, वाळू चाळून तयार. पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसं!

दादा कुठे, विचारलं. एक गवंडी म्हणाला, "मुकादमांची कंबर धरलीय. कालचं भोवलं."

टेप न घेताच परत आले.

८ फेब्रुवारी

एकशे तीस. खोडलं. नव्वद. खोडलं. कागदाला भोक पडलं!

१० फेब्रुवारी, रविवार

दादाकडे गेले. जायला नको होतं. वहिनी त्याच्या कंबरेला बाम चोळत होती. मी सरळच विचारलं — बुधवारचं काम रोज होईल का?

"म्हणजे मी खोटा?"

खोटा नाही रे, पण एका दिवसाचं आणि वर्षभराचं सारखं कसं? मी एकशे तीस लिहिलं तर तुला तेवढंच रोज ओढावं लागेल. पोरं पळून जातील, तू अंथरूण धरशील.

"आम्ही काय एरवी झोपा काढतो? नव्वद लिही. लिही! म्हणजे सगळ्यांना कळेल, माझ्या टोळीत दम नाही."

वहिनी मधे पडली, "अहो, ती तुमच्या भल्याचंच सांगतेय."

"माझं भलं मला कळतं."

दारापर्यंत वहिनी आली. माझा हात दाबला. येताना इतका राग आला होता! त्याचा की माझा, कोण जाणे. माणसाच्या मेहनतीचा आकडा काढायचा म्हणजे त्याच्या अब्रूला टेप लावायची, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी

नव्वदवर भरलं. साहेबांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "गेलं तर तुमच्या नावावर."

असू दे. माझ्याच नावावर असू दे.

१५ फेब्रुवारी

कशात मन लागत नाही. दुधाखाली गॅस बारीक केला म्हणता म्हणता मोठा केला. दादा फोन उचलत नाही.

२० फेब्रुवारी

गेलं. दुसऱ्या कंपनीला लागलं. बाकी दर उन्नीस-बीस, फरक सगळा गिलाव्यात! साहेबांनी आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

कुठल्या शहाण्याने एवढं काम धरलंय? आणि कोणाच्या जिवावर? ज्या मुकादमाच्या गळ्यात हे पडेल त्याची दया येते. जाऊ दे. दादा वाचला, एवढं तरी पदरात पडलं. आज पोटभर जेवले.

२३ फेब्रुवारी

दादाचा फोन! आपण होऊन. आवाजात नुसता आनंद. "ठमे, काम लागलं! शाळेचं! त्या कंपनीचा माणूसपण आला होता बघायला — आपलं भांडण झालं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. डोकं फिरलेलंच होतं माझं. दाखवलं त्याला. एकशे चाळीस! त्याने मुकाट्याने लिहून घेतलं, तुझ्यासारखी शंका नाही काढली. भिंती उभ्या राहिल्या की सुरू."

मी विचारलं, "दादा, कंबर?"

"कसली कंबर!"