मावशीनंतरचा प्याला

माय, तुझ्याशी एक खोटं बोलले होते, ते सांगायला आज बसले आहे. तुला जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हा तू रागावशील ही भीती आता नाही. भीती वेगळीच आहे.

प्रभुभोजनाचा रविवार होता. तुला ताप, म्हणून भाकर भाजून तू माझ्याच हाती चर्चमध्ये पाठवलीस आणि म्हणालीस, माझ्या जागेवर बस. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, सुट्टीत बाभुळगावला आलेली; अंगात शहाणपण मावत नव्हतं. बायकांच्या सतरंजीवर तुझी जागा ठरलेली, मावशीच्या शेजारी. कुष्ठरोगातून बरी झालेली, दोन्ही हातांची बोटं गेलेली, एकटी राहणारी, नात्याची नव्हे पण सगळ्या चर्चची मावशी. प्रभूच्या आठवणीच्या द्राक्षरसाचा प्याला मंडळीत एकच. एकीनं घोट घेऊन दुसरीला द्यायचा. मावशी तो दोन मनगटांत धरायची आणि तिच्या हातून नेहमी तूच घ्यायचीस. दुसरी कोणी तिथे का बसत नाही, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलंही नव्हतं. तिनं प्याला माझ्यापुढे केला. मी ओढणीच्या टोकानं त्याची कड पुसली. एकदा नाही, दोनदा. मग प्यायले. मावशीनं बिचारीनं दोन्ही हात पदराखाली घेतले. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

तुला कोणीतरी सांगितलंच. तू चुलीपुढे वरण घोटत होतीस. मी तोंड वर करून ऐकवलं, की जंतू असतात, आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. तुझा हात थांबला.

"मागच्या खेपेस पाळकीणबाईच्या मागून पेली तू. तवा काहून नाही पुसला?"

पाळकांच्या बायकोनंतर मी खरंच कड पुसली नव्हती. मग तू म्हणालीस, आत्ताच जा आणि माफी मागून ये, कोणाचं मन दुखवून आपण प्रभूच्या भोजनाले बसत नसतो. आपल्या घरची ती रीतच होती. भोजनाच्या आदल्या शनिवारी, ज्याच्याशी वाकडं झालं असेल त्याच्या दारात तू जाऊन यायचीस, चूक तुझी असो की त्याची.

मी गेले. खरंच गेले गं, तिच्या अंगणाच्या तारेपर्यंत. मावशी दारात बसून राखेनं भांडी घासत होती, पायानं भगोनं दाबून धरून. ती वर बघणार तेवढ्यात मी मागे वळले. थोडा वेळ स्टँडवर बसून राहिले आणि घरी येऊन सांगितलं, मागितली माफी, ती म्हणे जाऊ दे बाई. तिचं उत्तरसुद्धा मीच रचलं. तू नुसतं बरं म्हणालीस आणि मला जेवायला वाढलंस. त्याच महिन्यात मावशी परत येऊ लागली. मला वाटलं, चला, आपोआप मिटलं.

तुला पुरलं त्या दिवशी कळलं. सगळे पांगल्यावर मावशी माझ्याकडे आली, जरा अंतर ठेवूनच उभी राहिली.

"तू तारेपासून वापस गेलती, त्याच सांजेले तुयी माय आलती माया घरी. पदर पसरला तिनं. म्हने, पोरीच्या वाटची माफी मले दे. देल्ली मी. तुले सांगतलंच असन तिनं."

मी मान हलवली. म्हणजे तिथेही खोटंच.

दहा वर्षं तुला ठाऊक होतं, माय. माझ्या लग्नात, माझ्या बाळंतपणात, माझ्या डोक्याला तेल चोळताना. आणि एका शब्दानं बोलली नाहीस. बायबलातला प्रीतीचा तो अध्याय मी लग्नांत अन् मयतीत शंभरदा ऐकला असेल. मला वाटायचं, प्रीती म्हणजे कोणासाठी पोटात कालवणं. तुझ्या पोटात तर त्या दिवशी माझ्याबद्दल आगच असेल. तरी तापातून उठलेली तू चपला घालून निघालीस, माझी चूक आपल्या अंगावर घेतलीस आणि मला कळूही दिलं नाहीस. आपल्या प्रभूनं क्रुसावर काय केलं ते मला कळलं असेल तर तेवढ्यावरूनच. पण खरं सांगू? राग येतो मला तुझा. एकदा झिंज्या धरून नेलं असतंस तर मी सुटले असते.

आता मी महिलासभेत प्रीतीवर बोलते. लोका सांगे ब्रह्मज्ञान! बायका डोळे पुसतात. मधेच ते दोन हात पदराखाली जाताना दिसतात आणि माझं पुढचं वाक्य हरवतं. कोरोनानंतर चर्चमध्ये प्रत्येकीला वेगळा इवलासा पेला मिळतो. तो पहिल्यांदा हातात आला तेव्हा मला हायसं वाटलं, याची लाज वाटते.

मावशी अजून आहे. ऐंशीच्या पुढे गेली, त्याच घरात राहते. चर्चचे पाळक म्हणाले, फार दिवस काढायची नाही, भेटून घ्या. इथून, यवतमाळहून, बाभुळगावला बसनं पाऊण तास लागतो. मी जात नाही आणि तुला पत्र लिहीत बसले, कारण तू मला चहा विचारणार नाहीस. ती विचारेल. कप दोन मनगटांत धरून माझ्यापुढे करेल. अठ्ठावीस वर्षं दवाखान्यात मी लोकांना समजावलं, की औषध पूर्ण झालेल्या माणसाला शिवलं तर काही होत नाही. मला ते पक्कं माहीत आहे. तरी तो कप नुसता डोळ्यांपुढे आला तर, माय, मला अजून किळस येते.