सुई श्रेष्ठ की कपाट?

३ तारीख, सोमवार
वाचनालयाच्या व्याख्यानमालेत अखेर माझी वर्णी लागली. विषय: शहरातले दोन नवे टॉवर, तौलनिक अभ्यास. एक बारीक, टोकदार. लोक त्याला सुई म्हणतात. दुसरा चौकोनी, तो कपाट. वाचनालयाचे सेक्रेटरी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे वकील. म्हणाले, ठरलेले वक्ते आजारी पडले आणि तुम्ही रिकामेच असता. म्हणजे निवड गुणवत्तेवरच झाली. ड्रेनेज खात्यात ड्राफ्ट्समन होतो. शहरातली अर्धी गटारं माझ्या पेन्सिलीतून वाहतात.
ठराव: दोन्ही टॉवर पार वरपर्यंत चढायचे. पायी. लिफ्टमधला माणूस इमारत बघत नाही, बटणं बघतो. हे वाक्य हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, लग्नापासून तुम्हाला लिफ्टमध्ये पाय ठेवताना पाहिलं नाही, तत्त्व कसलं सांगताय! हिला अभ्यासातलं काही कळत नाही.

५, बुधवार
सराव सुरू. आपल्याच बिल्डिंगचा जिना. वकिलांच्या दारापर्यंत, म्हणजे पहिल्या मजल्यापर्यंत, दमदार चढलो. तिथे चहा. मग गुडघा बोलू लागला. उद्या विश्रांती. मोठे खेळाडू असंच करतात.

७, शुक्रवार
सुई. वॉचमन म्हणाला, जिना फक्त आग लागली तर. लिफ्टने जा की काका. त्याने बटण दाबलंसुद्धा. दार उघडलं आणि नेमकं त्याच क्षणी मला गॅसवरचं दूध आठवलं. घरी आलो तर हिने उतरवलेलं होतं. तरी सावध राहिलेलं बरं.
निरीक्षण: लॉबीतले सोफे फार खोल. मला उठवायला दोन माणसं लागली.

९, रविवार
कन्या कपाटात बेचाळिसाव्या मजल्यावर नोकरीला आहे. नवीनच, अजून प्रोबेशनवर. म्हणाली, बाबा, पास काढते, लिफ्टमध्ये माझा हात धरा आणि डोळे मिटा, दोन मिनिटांत वर. म्हटलं, वशिला नको.

११, मंगळवार
काल लिहवलं नाही. घरी येऊन तसाच झोपलो (व्यायामामुळे).
कपाटाच्या मागच्या बाजूला जिन्याचं दार कुणीतरी बादली लावून उघडं ठेवलं होतं. शिरलो. बादली पायाला लागून कलंडली, दार बंद. हरकत नाही, जायचं वरच होतं. सातव्या मजल्यावर छाती भात्यासारखी चालू लागली. तिथलं दार उघडेना. सहाव्याचं उघडेना. जिन्याच्या बाजूने एकही उघडत नाही! ड्रेनेज खात्याने असला नकाशा पास केला नसता. खाली उतरायचं तर पाय आपले राहिले नव्हते. भिंतीवर लाल पेटी. धोका असल्यास काच फोडा. धोका होताच, माझ्या जिवाला. फोडली.
भोंगे वाजले आणि अख्खं कपाट जिन्याने खाली आलं. मी भिंतीला पालीसारखा चिकटून उभा. अभ्यासाला ही संधी उत्तम: जिन्यात दोन माणसं आणि एक पाल मावते.
मग कन्या आली. सँडल हातात, मागे तिचे क्लायंट. तिचं पहिलंच प्रेझेंटेशन चालू होतं म्हणे. शेजारच्या मुलीने विचारलं, हे आजोबा कोण गं? कन्येने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, माहीत नाही.
प्रसंगावधान आहे पोरीत. माझ्यावर गेलीय.

१३, गुरुवार
कन्या बोलत नाही. मीठसुद्धा आईमार्फत मागते. क्लायंट त्या दिवशी रस्त्यावरूनच निघून गेले. परत येणार आहेत, पण नोकरी पक्की करायची की नाही ते साहेब त्यानंतर ठरवणार. ती खोलीचं दार लावून सारखी प्रॅक्टिस करते. मी साहेबांना आकृतीसह पत्र लिहायची तयारी दाखवली. ती ताटावरून उठली. ही म्हणाली, आकृती राहू द्या, सॉरी म्हणा. म्हणणार आहे. योग्य वेळ बघतोय.

१६, रविवार
व्याख्यान झालं. हॉल खच्चून भरला. माझं नाव झालंय, असं वाटलं. प्रश्न मात्र सगळे भोंग्यावर. हिने वरच्या मजल्यावर सांगितलं होतं, म्हणजे गावभर. काच कशाने फोडली, चपलेने की छत्रीने? मी विषयावर या म्हणालो. तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, बरं, मग शहर कुठून छान दिसतं, सुईवरून की कपाटावरून?
मी पाणी प्यायलो. परत प्यायलो. ग्लास संपला.
शेवटच्या रांगेतून आवाज आला, मी सांगते. कन्या! कधी येऊन बसली, देव जाणे. वकिलांनी विचारलं, आपण? म्हणाली, मी यांची मुलगी. दोन्हीकडे वर जाऊन आलेय.
आणि बोलू लागली. कागद नाही, अडखळणं नाही. कपाटावरून नदी दिसते आणि सुईवरून नुसते ढग, का उलटं, असं काहीतरी. लोकांनी खुर्च्या वळवल्या. वकिलांनी माइकसुद्धा तिकडे नेला. मी व्यासपीठावर एकटाच, सगळ्यांच्या पाठी बघत.
शेवटी तिने निकाल दिला आणि टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या. पण निकाल काय दिला, ते ऐकलंच नाही. मी तिच्याकडेच बघत होतो.
उद्या विचारेन. आधी सॉरी, मग निकाल. बोलली तर.