मुठीत बसलेला सुरा

३ मार्च

आज धाकट्याच्या कानाखाली आवाज काढायचा होता. हातच वर जाईना! भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, माझ्या भावाने माझ्या हातातून सुरा काढून घेतला. "दादा, तू गल्ल्यावर बस." वडिलांच्या मागे मटण तोडायचा ठोकळा मी सांभाळला, आणि मी गल्ल्यावर? बोटं इतकी सुजलीत की शर्टाची बटणंसुद्धा बायको लावून देते. गोळ्या नुसत्या गिळतो. फरक शून्य.

५ मार्च

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. या संधिवातात शरीर आपल्याच सांध्यांवर तुटून पडतं. नवीन इंजेक्शन त्याला आवर घालतं. पण मग शरीर जंतूंशीही नीट लढत नाही. छातीचा फोटो काढला, रक्त घेतलं — जुना क्षय अंगात दडलेला असेल तर उफाळून येतो म्हणे.

"काम काय करता?" खाटीक म्हटल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं. जाळीचा हातमोजा घालायचाच. कापलं, चिघळलं, तर इंजेक्शन घ्यायचं नाही, आधी मला दाखवायचं. ताप येईलच असं नाही, त्यावर विसंबू नका.

मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

१६ मार्च

तपासण्या ठीक. इंजेक्शन पोटात आपलं आपणच टोचायचं. जन्मभर जनावरं कापली आणि त्या सुईने मला घेरी आली! ही हसून हसून बेजार.

१८ एप्रिल

बटणं माझी मी लावली. ही आत जाऊन रडली.

२ मे

ठोकळा परत घेतला! धाकट्याला ढकललं आणि अख्खं धूड एकट्याने फोडलं. फासळ्या, मांड्या, मणका — हाडाचे तुकडे भिंतीवर उडत होते, तरी हात थांबेना. प्रत्येक घावाला त्याचं तोंड दिसत होतं. मोजा काढून फेकला. जाळीतून सुरा बोटांना कळत नाही. "दादा, मोजा घाल." मी सुरा ठोकळ्यात रोवला, त्याच्या बोटांना अगदी लागून. पांढराफटक पडला. फार बरं वाटलं मला.

९ मे

हाडाची कपची उजव्या तर्जनीत घुसली. चिमट्याने उपसली. आमच्या धंद्यात याला जखम म्हणत नाहीत.

११ मे

बोट लाल, ठणकतंय. ताप नाही. बाईंना दाखवलं तर इंजेक्शन बंद. बंद म्हणजे पुन्हा गल्ला, पुन्हा ती बटणं. आज इंजेक्शनाचा वार होता. घेतलं. हिला बोललो नाही.

१३ मे

लाली कोपराकडे चढली. दात वाजतायत. धाकट्याने बाही वर केली — "हे काय करून ठेवलंस? चल दवाखान्यात." मी ठोसा हाणला. ओठ फाटला त्याचा. परत आला, परत हाणला. त्याने एकदाही हात उगारला नाही. रक्त थुंकत, मला कवेत धरून गाडीकडे ओढत राहिला. मी त्याच्या खांद्याचा लचका तोडणार होतो. "अहो, सोडा त्याला, भाऊ आहे तुमचा!" ही किंचाळत होती. शेवटी लाथ घातली आणि दार लावून घेतलं. आता ते दोघं दार फोडतायत. पेन धरवत नाही.

४ जून

डाव्या हाताने लिहितोय. उजवा मनगटापासून काढला. बाई म्हणतात, जखम पूर्ण भरली की इंजेक्शन पुन्हा सुरू करता येईल, डावा वाचवायला. मी हो म्हटलंय.