विजय नाही, सतीश

रवि. ५ ऑक्टो.
जुन्या जालन्यात लेखनवर्ग, कापडाच्या दुकानावरच्या माडीत. टेंभुर्णीहून एसटीनं जाऊन-येऊन सुट्टी संपली. पहिला सराव: दुःख लिहा, पण दुःख, अश्रू, रडणं हे शब्द न वापरता. मी आपली उदास संध्याकाळ, विझलेला दिवा वगैरे. मॅडम म्हणाल्या, "भाषा चांगलीये. पण कुणी गेलंय असं वाटत न्हाई."
धाकटा भाऊ जूनमध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्यांना कुठं माहीत.

मंगळ. ७ ऑक्टो.
सराव दुसरा: फक्त हात लिहायचे. माणूस काय करतो तेवढंच, मनातलं काही नाही. शाळेत शिकवून आल्यावर आईचे हात बघत बसले. तांदूळ निवडत होती. तो गेल्यापासून तिच्या तोंडी त्याचं नाव नाही, डोळ्याला पाणी नाही. घरात आम्ही दोघीच, बोलणं फक्त दूध, भाजी, लाईट.
"मंगल, माह्याकडं काय बघून राह्यली?"
वही मिटली.

शनि. १८ ऑक्टो. धनत्रयोदशी
तो गेल्यानंतरची पहिली दिवाळी. अशा घरात तळण करत नाहीत, शेजारीपाजारी फराळ आणून देतात. शेजारच्या शांताकाकू ताट घेऊन आल्या. आईनं दारातूनच परत केलं. "आमच्या घरात काय झालंय? तळण मी करणार हाये." काकू माझ्याकडं बघतायत, माझी मान खाली.
मग खरंच कढई चढवली. डबाभर शंकरपाळे. वास गल्लीत जाऊ नये म्हणून मी खिडक्या लावत सुटले. आईचा भयंकर राग आला. नंतर कळलं, कढई चढली नसती तर तो गेला हे तिला कबूल करावं लागलं असतं. स्वयंपाकघरात जाऊन तिच्याजवळ बसायला हवं होतं. नाही बसले.

मंगळ. २१ ऑक्टो. लक्ष्मीपूजन
हात लिहिले. आईचेच. पोळपाट, कातण, झारा. गेलेल्या मुलाचं नाव विजय ठेवलं. शंकरपाळ्यांच्या करंज्या केल्या, गोष्टीत करंजी बरी दिसते. आमची हुशारी!

रवि. २ नोव्हें.
वर्गात वाचलं. मॅडमनी विचारलं, "घरी वाचून दाखवलं का?"
नाही म्हणाले.

सोम. ३ नोव्हें.
चहा घेताना आईच म्हणाली, "काय लिव्हून राह्यली एवढं? वाच बरं."
टाळता येईना. वाचलं. ती भिंतीला टेकून, हलली नाही. संपल्यावर म्हणाली, "करंज्या न्हाई, शंकरपाळे केल्ते. त्याला करंजी कधी आवडली?"
कप उचलला तिनं, परत ठेवला.
"अन् पोराचं नाव कशाला बदललं? सतीश लिव्ह."
पाच महिन्यांत पहिल्यांदा. विजय खोडला, सतीश लिहिलं. जिथं जिथं होतं तिथं.
"आता पुन्हा वाच."
पहिल्याच ओळीत नाव आहे. ती समोर बसलीये, आणि मी अजून काही दुरुस्त करतेय असं दाखवत हे लिहितेय.