व इतर

४ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस, म्हणून पत्रच लिहिते. तू सव्वीस वर्षं जिथे नोकरी केलीस, त्या ग्रंथालयात मी सोमवारपासून वाचक म्हणून बसतेय. आत्या, तू कधी सांगितलं का नाहीस? सुटीत घरी येऊन तू फक्त पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरबुवांच्या तक्रारी करायचीस. ते उंच छत, ती लांबच लांब मेजं, शंभर माणसं आणि आवाज काय तो पान उलटल्याचा! पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं मी वही उघडलीच नाही, नुसती बघत राहिले.

आता रडगाणं. सतराशे एकोणनव्वद साली फ्रान्सच्या राजाने गावोगावची गाऱ्हाणी लिहून मागवली, हे मी जेवताना तुला इतक्यांदा ऐकवलंय की माझ्याऐवजी तूच परीक्षा देशील. त्यात कपडे धुणाऱ्या बायकांचं म्हणणं कुठे सापडतं का, हा माझा विषय. इथल्या संगणकाला नाना परींनी विचारून झालं. सरदार, वकील, पाद्री पोत्याने सापडतात; धुणारी एकही नाही. मार्गदर्शक बाईंनी बजावलंय की अठ्ठावीस तारखेपर्यंत अस्सल कागद दाखव, नाहीतर विषय बदल. दोन वर्षांचं काम पाण्यात जाईल. काहीतरी सुचव.

घरातील इतर मंडळींस नमस्कार.

तुझी,
टकळी

८ फेब्रुवारी

चि. टकळी हिस अनेक आशीर्वाद.

छताकडे फार बघू नकोस, मान आखडेल. पहिल्या दिवशी मीही तेच केलं होतं आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती.

संगणकाला तेवढंच ठाऊक असतं, जेवढं कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं. तू आजच्या भाषेत विचारतेस आणि तो बिचारा जुन्या नावांवर अडून बसतो. विषय विचारू नकोस; साल विचार, गाव विचार, छापखाना विचार. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या तळटीपा आधी वाच, मजकूर मागाहून. तिथेही नाही मिळालं तर तळघरात जा आणि दाखल नोंदवह्या माग. ग्रंथालयात आलेला कपटाही आधी त्या वहीत चढतो, मग पुढे त्याचं काय व्हायचं ते होवो. एका घोड्यांच्या डॉक्टरांनी मरताना फ्रेंच पुस्तिकांची ट्रंक दिली होती. तिकडे शिकलेले गृहस्थ, दिसेल ते गोळा करायचे. त्या ट्रंकेपायी मी दोन वर्षं फ्रेंच शिकले. वहीतला आकडा आणि सूचीतल्या कार्डांचा आकडा ताडून बघ, पुस्तिकेमागे एक कार्ड असतं.

कार्डांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेव. माझ्या हातचं एकही कार्ड अर्धवट नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. घोळ असलाच तर बाइंडरबुवांचा. तो माणूस पुस्तिका विषयाने नाही, उंचीने बांधायचा! फूटपट्टी लावून! म्हणे पुठ्ठा वाया जात नाही.

इकडे तुझे बाबा व इतर सर्व ठीक. वेळेवर जेवत जा.

तुझी आत्या

१५ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

वहीत डॉक्टरांच्या पुस्तिका एकशे त्रेसष्ट. कार्डं मोजली तर एकशे बत्तीस. मग एकतीस गेल्या कुठे? एक अख्खा दिवस डॉक्टरांच्या पुस्तकांच्या कपाटापुढे उभी होते. डॉक्टरांची बाकी पुस्तकं बेताची, पण एक विटेएवढं जाड, आणि त्याचं नाव काय, तर घोड्याच्या खुरांची निगा. खुरांबद्दल माणूस बोलून बोलून किती बोलणार? उघडलं. चाळिसाव्या पानावर खुरं संपली आणि पुढे एकामागून एक पुस्तिका, सगळ्या एकाच उंचीच्या. मिठावरचा कर, पावाचा भाव, कुठल्याशा पुलावरून भांडण. आणि सतरावी, आठ पानांची, एका नदीकाठच्या धुणाऱ्या बायकांची!

उभ्याउभ्याच वाचली. त्या म्हणतात, वरच्या अंगाला रंगारी नदीत रंग सोडतात, डाग धुण्याला पडतात आणि बोलणी आम्ही खातो. हिवाळ्यात बर्फ फोडून पाण्यात हात घालावे लागतात. गावाचे निर्णय घेताना आम्हालाही विचारा, कारण कोण किती स्वच्छ आहे ते आमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. मी भर शांततेत मोठ्याने हसले, आणि मग रडूच आलं. दोनशे वर्षांहून जुन्या बायका, आणि जणू शेजारी बसून बोलत होत्या. शेवटी लिहिलंय, लेखनिक म्हणाला की एकीचंच नाव घालू आणि पुढे वगैरे लिहू, पण आम्ही ऐकलं नाही. आम्ही एकोणीस जणी आहोत. खाली एकोणीस नावं, प्रत्येकीपुढे एक फुली.

आता पुढचं मी तीनदा लिहून खोडलं. त्या पुस्तकाचं कार्ड काढलं. त्यावर आहे: 'घोड्याच्या खुरांची निगा, व इतर.' बस, एवढंच. आत्या, अक्षर तुझं आहे. लहानपणी माझ्या वह्यांवर तू नाव घालायचीस, तेच ते वाटोळं अक्षर. रागावू नकोस. परक्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, असं वाटलं.

तुझी,
टकळी

२२ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही. बाबा सांगत होते की तू जेवायलाही खोलीतून बाहेर येत नाहीस. मी लिहायलाच नको होतं.

इथे हातातोंडाशी आलेला घास अडकलाय. बाई म्हणतात, कागद अस्सल आहे, पण ज्याची नोंदच नाही तो दुसऱ्या कुणी पडताळायचा कसा? आधी नोंद, आधी क्रमांक. ग्रंथपालसाहेब म्हणतात, जुनं फ्रेंच वाचून कार्ड करणारं माणूस आता इथे नाही, वर्ष तरी जाईल. आणि उरलेत सहा दिवस. पण ते मरू दे. तू दोन ओळी तरी लिही.

तुझी,
टकळी

२४ फेब्रुवारी

चि. टकळी हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हातात घेऊन मी पाच दिवस बसून होते. अक्षर माझंच. दिवससुद्धा आठवला. बुवांना मी बजावलं होतं की विषयवार बांधा, त्यांनी फूटपट्टी लावली. मी इतकी तणतणले की म्हटलं, आता यांचं हेच सोंग जगाला दिसू दे, आणि दोन शब्द खरडून कार्ड खणात टाकलं. राग त्यांच्यावर, कोंडल्या गेल्या या बायका. वड्याचं तेल वांग्यावर! वर तुला छातीठोकपणे लिहिलं, त्याची फार लाज वाटते.

आणखी ऐक. माझ्या हट्टापायी विषयवार गठ्ठ्यांत सुट्या ठेवलेल्या कितीतरी पुस्तिका पुढे कसरीने खाल्ल्या. बुवांचा टाका मात्र टिकला. ते असते तर मी त्यांच्या पाया पडले असते.

तू चुकली नाहीस. ग्रंथपालांना सांग, जुनं फ्रेंच वाचणारं माणूस परवाच्या गाडीने येतंय. गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत. कोरी कार्डं आणि काळी शाई तयार ठेव.

तुझी आत्या

२ मार्च

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

तू गाडीत बसलीस आणि इकडे ग्रंथपालसाहेब कार्डांच्या खणापाशी आले. तुझी एकतीस कार्डं मान डोलावत पाहिली आणि सतराव्याशी थांबले. म्हणाले, लिहिणारे तीनपेक्षा जास्त असले की पहिलं नाव द्यायचं आणि पुढे 'व इतर' लिहायचं, असा नियम आहे. इथे एकोणीस नावं, तीन कार्डं दोऱ्याने एकत्र बांधलेली. तुमच्या आत्यांना नियम ठाऊक नव्हता का? मी सांगितलं की इथल्या नवख्यांना तो नियम त्यांनीच सव्वीस वर्षं शिकवला. साहेबांनी ती गाठ चाचपून पाहिली. मग खण हळूच लावला आणि संगणकावर नोंदी चढवणाऱ्या बाईंना म्हणाले, एकोणीसच्या एकोणीस घाला.

माझा विषय कायम झाला. पण त्याहून मोठं सांगते. आज मी संगणकाला पुन्हा विचारलं. त्या एकोणीस जणींतल्या कुठल्याही एकीचं नाव घातलं, की सगळ्याजणी येतात. संध्याकाळपर्यंत मी एकेक नाव घालत बसले होते.

तुझी,
टकळी

६ मार्च

चि. टकळी हिस अनेक आशीर्वाद.

गुडघे सुजलेत, पण झोप छान लागते. जास्त लिहीत नाही.

तुझ्या आईचे आशीर्वाद. बाबांचे आशीर्वाद. आजोबांचे आशीर्वाद. धाकट्याचा नमस्कार, आणि खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंनी तुझी आठवण काढल्याचं आवर्जून लिहायला सांगितलंय.

तिकडे माझा नमस्कार सांग. दारावरच्या पहारेकऱ्याला, ग्रंथपालसाहेबांना, नोंदी चढवणाऱ्या बाईंना. आणि त्या एकोणीस जणींना. एकदम नाही, एकेकीचं नाव घेऊन.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी आत्या